रणगाड्याच्या चित्राबरोबर त्याच्या खालची जमीनही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर गेले काही आठवडे महायुद्धातल्या विचित्र रणगाड्यांवर आणि युद्धयंत्रांवर एक लहानशी चौकट येते आहे. माझा नातू सातवीत शिकतो. तो ही चौकट दर रविवारी कात्रीने नीट कापून वहीत चिकटवतो आणि खाली आपल्या अक्षरात तारीख घालतो. मोबाइल बाजूला ठेवून मूल छापील कागद कापून जपते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो आणि त्याबद्दल आपले आभार मानतो. मात्र मागच्या रविवारी वही मिटताना त्याने जो प्रश्न विचारला, त्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले. तो म्हणाला, "आबाजी, हे लोक येडे होते का?"

त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या वहीत नऊ मीटर उंच चाकांचे रशियन यंत्र आहे, ट्रॅक्टरवर नालीदार पोलादी पत्रे ठोकून केलेला न्यूझीलंडचा रणगाडा आहे, पंख लावलेला सोव्हिएत रणगाडा आहे आणि प्रत्येक चित्राखाली तो कसा फसला हे सांगणाऱ्या दोन ओळी आहेत. तो कशासाठी केला होता, कोणत्या जमिनीवर चालायचा होता, समोर कोणती अडचण होती, यांतले एक अक्षरही तिथे नाही. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडला एकतीस वर्षे शिल्प निदेशक होतो. नवीन मुलाच्या हातात जॉब देताना तो कुठे बसणार आहे आणि त्याच्यावर भार कोणत्या बाजूने येणार आहे, हे आधी सांगितले नाही, तर उत्तम फाइलिंग करूनही मुलगा चुकीची वस्तू तयार करतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. यंत्र कशासाठी केले ते गाळले की उरते ते फक्त चित्र, आणि नुसते चित्र पाहिले की करणारा वेडा वाटतो.

त्या रशियन यंत्राचेच घ्या. १९१५ साली मॉस्कोजवळच्या जंगलात त्याची चाचणी झाली. पुढची दोन अवाढव्य चाके झाडे मोडत निघाली, पण मागचे लहान चाक मऊ जमिनीत रुतले आणि यंत्र तिथेच अडकले. पुढे १९२३ मध्ये ते जागेवरच मोडीत काढले गेले. खंदक आणि काटेरी तारा ओलांडायच्या म्हणून चाक मोठे करायचे, हा विचार बरोबर होता. चूक झाली ती मागच्या लहान चाकावर येणाऱ्या भाराच्या हिशोबात. नातवाला हे सांगितल्यावर मी त्याला दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदाची आठवण करून दिली. उमरेडजवळच्या आमच्या शेतात पुतण्याने खताची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून आत घातली होती. ट्रॅक्टरची मोठी चाके निघून गेली, पण ट्रॉलीची लहान चाके काळ्या मातीत आसापर्यंत बसली. पुतण्या जितका रेस देई तितकी ट्रॉली खाली जाई. शेवटी सरपणासाठी रचून ठेवलेल्या गेल्या सालच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या आणल्या, त्यांच्या पेंढ्या बांधून चाकांपुढे घातल्या, वर बारदाना अंथरला आणि मग कुठे ट्रॉली हलली. पऱ्हाट्या मोडतानाचा तो करकर आवाज नातवाला अजून आठवतो.

ब्रिटिश सैन्याने १९४४ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध उतरताना नेमके हेच केले. लाकडी काटक्यांच्या जाडजूड मोळ्या रणगाड्याच्या नाकावर बांधून नेल्या आणि खंदकात टाकून त्यावरून रणगाडे पार केले. दुसऱ्या एका रणगाड्याच्या पुढे भलेमोठे रीळ बसवून त्यावर सुमारे तीन मीटर रुंदीचे जाड कापड गुंडाळले होते. रणगाडा पुढे सरकला की ते कापड त्याच्याच पट्ट्यांखाली अंथरले जाई आणि मऊ चिखलमातीवरून मागच्या गाड्यांना वाट होई. आपल्या चौकटीत या रणगाड्याचे चित्र आले, तेव्हा त्याला ‘गालिचा पसरणारा रणगाडा’ म्हटले होते. नाव छान आहे, पण गालिचा का लागला ते वाचकाला कळले नाही.

तो लागला, त्यामागे आधी झालेली एक मोठी मनुष्यहानी आहे. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या दिएप्प बंदरावर दोस्तांचे सुमारे सहा हजार सैनिक उतरले. त्यांतले जवळजवळ पाच हजार कॅनडाचे होते. त्या किनाऱ्यावर वाळू नाही, गारगोटीचे गोटे आहेत. हे गोटे चर्चिल जातीच्या रणगाड्यांच्या पट्ट्यांत शिरले, काहींचे पट्टे तुटले आणि जे समुद्रकाठची भिंत ओलांडून वर गेले, त्यांना शहरात शिरण्याच्या वाटा काँक्रीटने बंद केलेल्या आढळल्या. ते अडथळे फोडायला सुरुंग घेऊन उघड्यावर धावणारे इंजिनिअर दलाचे जवान गोळीबारात पडले. एकही रणगाडा शहरात पोहोचला नाही. कॅनडाचे ९०७ जवान प्राणांस मुकले. इंजिनिअर जवानाला पोलादाच्या आड बसवूनच अडथळ्यापर्यंत नेले पाहिजे, हा विचार त्यानंतर डेनोव्हन नावाच्या कॅनेडियन इंजिनिअर अधिकाऱ्याने लावून धरला आणि त्यातून चर्चिल रणगाड्यावर २९० मिलिमीटरची आखूड नळी बसवलेले यंत्र तयार झाले. ती नळी सुमारे १८ किलो वजनाचा बॉम्ब जेमतेम ७० मीटरवर फेकी, पण त्याने काँक्रीट फुटे. फिटर म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार लागते : ती नळी आतून भरता येत नसे. ती वर वळवायची, झाकण सरकवायचे आणि जवानाने दोन्ही हात बाहेर काढून बॉम्ब खालून वर चढवायचा. तेवढा वेळ शत्रूसमोर त्याचे हात उघडे असत.

अशी सगळी यंत्रे ज्या ७९व्या चिलखती डिव्हिजनमध्ये एकत्र आणली, तिचे प्रमुख मेजर जनरल पर्सी होबार्ट यांचा जन्म १८८५ साली आपल्या नैनितालचा, आणि त्यांची सुरुवातीची नोकरी बंगाल सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर दलातली. रणगाड्यांविषयीची त्यांची मते वरिष्ठांना न रुचल्याने १९४० मध्ये त्यांना निवृत्त केले गेले. तेव्हा हा सेनापती आपल्या गावच्या होमगार्डात लान्स कॉर्पोरल म्हणून भरती झाला. पुढे पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना परत बोलावले. एवढा अधिकार भूषवून खालच्या हुद्द्यावर काम करायला उभा राहणारा माणूस मुलांना कळला पाहिजे, असे मला वाटते. तो रणगाड्याइतकाच वेगळा आहे.

या तयारीत जमिनीची परीक्षा किती काटेकोर होती, तेही पाहा. १९४३ सालच्या शेवटच्या रात्री लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोन ब्रिटिश जवान थंडगार समुद्रात पोहत जर्मनांच्या ताब्यातील नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागले. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली त्यांनी जमिनीत नळ्या खुपसून मातीचे नमुने घेतले आणि ते घेऊन पोहत परतले. वाळूखाली कुठे मऊ चिकणमाती आहे, हे त्या नळ्यांवरून कळले. मग इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर ब्रँकेस्टर येथे तशीच माती शोधून तिच्यावर रणगाडे चालवून पाहिले आणि मगच ते कापडाचे रीळ पक्के झाले. शेतकरी ज्या मातीच्या नमुन्याची पिशवी घेऊन तपासणीला जातो, तसाच हा नमुना. फक्त तो आणण्यासाठी दोघांनी जीव पणाला लावला होता.

साखळ्यांच्या रणगाड्याचे चित्रही आपण छापले होते. त्याच्या पुढे आडवा रूळ आणि रुळाला ४३ साखळ्या. रूळ गरगर फिरला की साखळ्या जमीन बडवत जातात आणि जमिनीत पुरलेला सुरुंग रणगाड्याच्या पुढेच फुटतो. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या अब्राहम दू त्वा यांची. १९४२ च्या ऑक्टोबरात इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत ती प्रथम वापरली गेली. आपल्याकडे ज्याने मळणीयंत्राचा फिरता ड्रम पाहिला आहे, त्याला हे एका वाक्यात समजते. पण सुरुंग झोडपताना त्याचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास असे, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. धुळीच्या लोटात आतल्या चालकाला समोरचे काही दिसत नसे. आणि स्फोटासरशी साखळ्या तुटून जात, त्या पुन्हा बसवाव्या लागत. त्या चालीने, आंधळेपणाने, पायाखाली स्फोट ऐकत पुढे जाणाऱ्या माणसाविषयी चौकटीत एक ओळ असती, तर नातवाने तो प्रश्न विचारला नसता.

तरंगणाऱ्या रणगाड्याबाबत तर मी आग्रहाने लिहितो. निकोलस स्ट्राउसलर या हंगेरीत जन्मलेल्या इंजिनिअरने रणगाड्याभोवती कापडाचा उंच पडदा उभारून त्याला होडीसारखे तरंगते केले आणि मागे दोन पंखे बसवले. चौकटीत ‘पोहणारा रणगाडा’ असे गमतीचे शीर्षक होते. ४ एप्रिल १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टडलँडच्या उपसागरात सराव करताना हवामान बिघडून असे काही रणगाडे बुडाले आणि सहा जवानांचा अंत झाला. दोन महिन्यांनी, ६ जूनला, नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या ७४१व्या टँक बटालियनचे २९ रणगाडे सुमारे पाच किलोमीटर अंतरावरून खवळलेल्या पाण्यात सोडले गेले आणि त्यांतले २७ बुडाले. तो पडदा फुटाभराच्या लाटांचा विचार करून केलेला होता. त्या दिवशी लाटा माणसाच्या उंचीच्या होत्या. शेजारच्या युटा किनाऱ्यावर मात्र जवळून सोडलेले बहुतेक सर्व रणगाडे पोहोचले. म्हणजे युक्ती खोटी नव्हती. समुद्र किती खवळला असता ती थांबवायची, हा निर्णय त्या सकाळी चुकला. ज्या वस्तूबरोबर माणसे तळाला गेली, तिच्यावर ‘गंमत’ हा शब्द मुलांच्या पानावरसुद्धा येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

न्यूझीलंडच्या रणगाड्यालाही न्याय मिळायला हवा. जपानचे आक्रमण होईल अशी भीती, ब्रिटनकडून रणगाडे मिळण्याची आशा नाही, देशात असला कारखाना नाही. तेव्हा बांधकाम खात्याचे मंत्री बॉब सेम्पल यांच्या खात्याने रस्त्याच्या कामाचे मोठे ट्रॅक्टर घेतले, त्यांवर पोलादी पत्रे चढवले आणि मशीनगन बसवल्या. गिअर बदलण्यासाठी त्याला थांबावे लागे, एका मशीनगनवाल्याला इंजिनावर गादी घालून आडवे पडावे लागे. लढाईत ते टिकले नसते, हे खरे. पण हाती जे होते त्यातून देश वाचवायचा प्रयत्न करणाऱ्यांना मी हसणार नाही. उलट जर्मनीच्या ‘माउस’विषयी माझे मत कठोर आहे. १८८ टनांचा हा रणगाडा पुलांना पेलणारा नव्हता, म्हणून नदीच्या तळातून चालवण्याचा बेत होता, आणि त्यासाठी काठावरच्या दुसऱ्या माउसने तारेतून वीज पुरवायची होती. युद्ध हरत असताना, पोलादाचा तुटवडा असताना, त्यावर कारखान्यांची वर्षे खर्च झाली आणि शेवटी दोनच सांगाडे पुरे झाले. यात शौर्य नाही, आकाराचा हव्यास आहे. रॉकेटने पळणारे ब्रिटिशांचे स्फोटक चाक डेव्हनच्या किनाऱ्यावर चाचण्यांतच भरकटले. त्यावर यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

मला खरी खंत आहे ती या चौकटीत आपला देश कुठेच नसल्याची. ‘टँक’ हा शब्दच घ्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लिंकन येथे ही यंत्रे तयार होत असताना गुप्ततेसाठी, मेसोपोटेमियातील सैन्याला पाणी नेण्याच्या टाक्या तयार होत आहेत, असे सांगितले गेले. तेच नाव पुढे चिकटले आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर ते जगाला कळले. इंग्रजी शब्दकोशांत या शब्दाचे संभाव्य मूळ सांगताना पोर्तुगीज शब्दाबरोबर गुजराती आणि मराठी ‘टाके’ यांचा उल्लेख असतो. किल्ल्यावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके पाहिलेल्या मुलाला हे वाचून केवढा आनंद होईल!

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर जमशेदपूरला तयार झालेले चिलखती पत्रे चढवून भारतात चाकांच्या चिलखती गाड्या तयार झाल्या. जवान त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला विमानातून रसद टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तेव्हा कोलकात्याच्या ताग गिरण्यांत तागाची पॅराशूट तयार झाली. नेहमीच्या पॅराशूटला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तागाच्या पॅराशूटला जेमतेम एक पौंडाच्या वर. ती माणसांसाठी नव्हती, धान्य आणि दारूगोळ्यासाठी होती, आणि तिच्यावर सैन्य जगले. ज्या बारदान्यावर आमची ट्रॉली निघाली, तोच हा ताग. डिसेंबर १९४४ मध्ये कलेवा येथे चिंदविन नदीवर बेली पूल बांधला गेला. त्याची लांबी १,१५४ फूट होती आणि त्या वेळी तो जगातला सर्वांत लांब बेली पूल होता. या पुलाची प्रत्येक चौकट सुमारे २६० किलोची, सहा माणसांनी उचलायची, पिनांनी जोडायची. क्रेन लागत नाही. आजही आपल्याकडे पूर आला, जुना पूल खचला, की लष्कर हाच पूल घेऊन येते. महायुद्धातल्या सर्व शोधांत मला विचाराल तर मी पहिला क्रमांक याला देईन. पिन आणि छिद्र यांचे माप बिनचूक असले की अडाणी माणूसही पूल उभा करू शकतो, हे ज्याने जाणले त्या डोनाल्ड बेली यांच्यावर एक पूर्ण चौकट व्हावी.

आणि नुनशिगुम. १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळच्या या डोंगरावर जपान्यांच्या ठाण्यांवर १७व्या डोग्रा रेजिमेंटची पहिली बटालियन आणि थर्ड कॅरॅबिनिअर्स या ब्रिटिश रणगाडा दलाचे ‘ली’ रणगाडे चढले. हा रणगाडा स्वतःच विचित्र : त्याची मुख्य ७५ मिलिमीटरची तोफ वरच्या फिरत्या बुरुजात नसून अंगाच्या एका बाजूला होती, कारण अमेरिकी कारखान्यांत तेव्हा त्या तोफेसाठी बुरूज तयार करण्याची सोय झालेली नव्हती. आफ्रिकेत तो जुना ठरला, पण ब्रह्मदेशात शेवटपर्यंत लढला. नुनशिगुमची सोंड इतकी अरुंद की रणगाडे एकामागून एक चालले. उतार इतका की वाट दिसावी म्हणून अधिकाऱ्यांना डोके बाहेर काढावे लागले, आणि ते एकामागून एक टिपले गेले. हल्ल्यातले सगळे ब्रिटिश अधिकारी पडल्यावर एक सार्जंट मेजर आणि डोग्रांचे सुभेदार यांनी सूत्रे हाती घेऊन तो डोंगर जिंकला. महायुद्ध संपल्यावरची गोष्ट असली, तरी याच्याच पुढे १ नोव्हेंबर १९४८ रोजी जोजिला खिंडीत, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, सातव्या कॅव्हलरीने नेलेले स्टुअर्ट रणगाडे यावेत. तेही त्याच महायुद्धातले. पंखांचा सोव्हिएत रणगाडा १९४२ मध्ये एकदाच उडाला. आपल्या जवानांनी मद्रास सॅपर्सनी रुंद केलेल्या खेचरांच्या वाटेवरून रणगाडे वर नेले आणि लढाई जिंकली. नागपूरच्या मुलाला पहिली गोष्ट ठाऊक असावी आणि दुसरी नसावी, हे मला सहन होत नाही. कामठीला ज्याच्या घरातला कोणी फौजेत आहे, अशी कितीतरी मुले आपले हे पान वाचतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक चित्राखाली यंत्राचे नाव आणि साल द्या. ते कोणत्या अडचणीसाठी केले, कोणत्या जमिनीवर किंवा पाण्यात चालायचे होते, हे एका वाक्यात द्या. आणि ते चालवताना काय झाले, हे दुसऱ्या वाक्यात. वजन टनांत देताना त्याच्याशेजारी मुलाला ठाऊक असलेली वस्तू ठेवा. मी आणि नातवाने मिळून त्याच्या वहीतल्या सर्व चित्रांखाली अशा ओळी पेन्सिलने लिहायला घेतल्या आहेत. साखळ्यांच्या रणगाड्याखाली त्याने स्वतःहून ‘ताशी २ किमी’ एवढेच लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. चौकटीत जागा कमी पडत असेल, तर चित्र थोडे लहान करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
मानेवाडा, नागपूर